कॅप्टनचा उजवा बूट

फेलिमला आजच डब्लिनला न्यायचं, असं इंग्रज कॅप्टन टिडकोमनं जाहीर केलं तेव्हा लसरीना त्याच पोराच्या तोंडातून मेंढीची लोकर काढत होती. चार वर्षांचं पोर, हाताला लागेल ते चाखून बघायचं. तिनं लोकर काढली, बोट पदराला पुसलं आणि मगच वर पाहिलं.

पोर टर्लोचं, म्हणजे खोऱ्याच्या सरदाराचं. दूध मात्र लसरीनाचं. मोठ्यांची लेकरं दुसऱ्याच्या घरी वाढवायची, मिसरूड फुटल्यावर परत न्यायची, ही इथली आयरिश रीत. फेलिमला कुठल्या कुशीवर झोप लागते, हे सख्ख्या आईलाही ठाऊक नव्हतं.

इंग्लंडच्या राणीची रीत निराळी. सरदार शरण आला की त्याचा मुलगा ओलीस घ्यायचा. बाप वाकडा चालला तर मुलाचं काय करायचं ते त्यांचे ते ठरवणार. टर्लो नुकताच शरण गेला होता, आणि फार दिवस सरळ चालायची त्याला सवय नव्हती.

टेकडीवर सगळं खोरं गोळा केलं होतं. चढताना दलदलीनं कॅप्टनचा उजवा बूट गिळला. शिपाई भाल्यानं चिखल ढवळत बसले आणि कॅप्टन मोज्यावरच वर आला. बुटका माणूस. मागच्यांना दिसेना, म्हणून तो तिथल्या एकुलत्या एका दगडावर चढला.

त्या दगडावर सरदाराशिवाय कुणी पाय ठेवत नसे. नवा सरदार करायचा तर तो याच दगडावर. पण कॅप्टनला हे सांगणार कोण?

"आजपासून या खोऱ्यात सरदार नाही," कॅप्टन म्हणाला. टर्लो ते लोकांना आयरिशमध्ये उलगडून सांगत होता. दोघांची गाठ लॅटिनवर पडायची: टर्लोची मठात शिकलेली, कॅप्टनची शाळेत छड्या खाऊन. मग कॅप्टननं सरदारकीची पांढरी काठी मागितली. खोऱ्याच्या कवीनं ती वाकून, दोन्ही हातांवर ठेवून दिली. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ती द्यायची असते हे त्याला माहीतच नव्हतं.

एवढ्यात चिलटं आली. ती कॅप्टनच्या कॉलरमध्ये शिरली आणि तो काठी फिरवत आधी उजवीकडून गरगरला, मग डावीकडून. नव्या सरदारानं हेच करायचं असतं. दगडावर उभं राहून चारी दिशांनी आपलं खोरं पाहून घ्यायचं.

आता फक्त पायताण राहिलं, लसरीनाच्या मनात आलं.

फेलिमला कडेवर मारून ती दलदलीशी गेली. शिपाई भलतीकडेच भोसकत होते. तिनं कोपरापर्यंत हात घातला, वासरू ओढावं तसा बूट ओढून काढला आणि म्हाताऱ्या डोनोहच्या मांडीवर ठेवला. सरदाराच्या पायात पायताण घालायचा मान डोनोहच्या घराण्याचा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते.

"डोनोहकाका, तुमचं काम निघालंय."

"टर्लो गेला?"

"नाही हो. तुम्ही चला तर."

"आधी सांगायचं ना गं. दाढी तरी विंचरली असती."

डोनोह कण्हत गुडघ्यावर बसला. या मुलखात एकाला तरी रीतभात आहे, अशा चेहऱ्यानं कॅप्टननं पाय पुढे केला. बूट चढला. डोनोहनं हळूच लसरीनाला नव्या सरदाराचं नाव विचारलं, दोन पावलं मागे सरला आणि आधी पदवी न लावता नुसतं नाव पुकारलं, जसं फक्त सरदाराचं पुकारतात.

"टिडकोम."

गर्दीनं सवयीनं पुन्हा पुकारलं. दोन म्हाताऱ्या सवयीनं रडल्या. टर्लो मटकन गवतावर बसला आणि त्यानं कमरेचा पट्टा सैल केला. कॅप्टन रीतसर सरदार झाल्याचं त्यानं बसल्या बसल्याच लॅटिनमध्ये सांगितलं. कॅप्टन खो खो हसला.

तोवर कवी कॅप्टनच्या घोड्यावर बसला होता. नव्या सरदाराचा घोडा कवीचा असतो. नाही म्हणणाऱ्यावर कवी निंदेचं कवन करतो आणि त्या माणसाच्या तोंडावर फोड उठतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. कॅप्टन नाही म्हणाला. चिलटं चावून त्याचं तोंड फोडांनी भरून आलंच होतं, आणि कवीनं तर अजून ओठही हलवला नव्हता. लोकांनी आदरानं टोप्या काढल्या. दोन बाया एका गाभण गाईचा तंटा घेऊन दगडाशी आल्या.

"ते पोर आणा, निघू," कॅप्टन ओरडला.

लसरीना पुढे झाली. ओलीस सरदाराचं मूल घेतात, ती म्हणाली. टर्लो आता चारचौघांसारखा माणूस. मग तिनं विचारलं, "सरदार, तुम्हाला लेकरू आहे?"

टर्लोनं उलगडून सांगितलं. कॅप्टन गोंधळला. तिकडे इंग्लंडात, डेव्हनला घरी एक मुलगी आहे, तो म्हणाला. दोन वर्षांची.

"मग डब्लिनला तिलाच न्यावं लागेल. ती कुठल्या कुशीवर झोपते, तेवढं तिथल्या बायांना सांगा. नाहीतर रात्रभर रडतं हो पोर."

हे सांगताना टर्लोचं लॅटिन अडखळलं. कॅप्टननं फेलिमकडे पाहिलं. पोर त्याच्या बुटाचा चिखल चाखत होतं.

"डाव्या कुशीवर," तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "बहुतेक."

खाली त्याचा हवालदार त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघत होता. आयरिश रीती उचलणाऱ्या इंग्रजाला राणीच्या दरबारी फितूर ठरवतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि आता सगळं खोरं, डोनोहसकट, सरदाराला डब्लिनपर्यंत सोबत करायला घोंगड्या सावरून उभं राहिलं होतं.

कॅप्टननं बूट उपसून भिरकावला, काठी टाकली आणि मोज्यावरच टेकडी उतरू लागला. पोराचं नाव पुन्हा काढलं नाही. पायताण काढल्यानं सरदारकी उतरत नाही, ती मेल्यावरच जाते, असं डोनोह मागून सांगत होता, पण आयरिशमध्ये.

तेव्हापासून खोऱ्याचा सरदार परगावी असतो. त्याच्या वाट्याचं लोणी टर्लो खातो.

बूट लसरीनानं चुलीमागे ठेवला. एकदा फेलिमनं सरदाराच्या त्या पायताणात आपला इवलासा पाय घातला आणि हसत तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं पीठ सांडलं. तिनं धावत जाऊन पाय बाहेर काढला, तळव्याची पापी घेतली आणि त्याच दुपारी बुटात गवत भरून खुडूक कोंबडी बसवली.