रोज एक

तिनं पाटी टेबलावर आडवी टाकली, तिच्यावरचं वर्तमानपत्र ओढून काढलं आणि पांढऱ्या रंगाचा डबा बाबांच्या पुढ्यात ठेवला.

“हिरवा हात मारून, वाळवून आणलीय. तुम्ही फक्त अक्षरं काढायची. गुरुवारी शंभरावा दिवस आहे.”

बाबांनी पाटीवरून डाव्या हाताचा तळवा फिरवला. उजवा हात पँटच्या खिशात होता, तो तिथंच राहिला.

“काय लिहायचंय?”

“तीन आठवडे सांगतेय! ‘शंभर दिवस. एकही कागदी कप नाही.’ बस्स, एवढंच. रस्त्यावरून दिसेल असं मोठ्ठं.”

“बघू.”

“बघू नाही. आज रविवार आहे, आज काढा. मी पाटी धरून बसते.”

बाबा खिडकीबाहेर बघत बसले. आतून आईनं हाक मारली, चहा घे आधी. चहा एकच कप आला, तिच्यापुरता. अलीकडे ती रविवारी यायची तेव्हा बाबांचा चहा नेहमी आधीच झालेला असायचा. एवढा कसला उतावीळपणा, लेकीची वाट बघता येत नाही का, असं तिला दरवेळी वाटायचं आणि दरवेळी ती ते बोलायची विसरायची.

“ही पाटी मी रंगवणार नाही,” बाबा अचानक म्हणाले.

“का?”

“खोटी आहे.”

आता बाबांच्या तोंडून हा शब्द म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. दवाखाने, सलून, चपलांची दुकानं, शाळा. सगळ्या बाजारपेठेत त्यांना पेंटरकाका म्हणत. त्यांचे नियम दोनच. जे राहणार ते रंगानं लिहायचं आणि जे बदलणार ते खडूनं. दुकानाचं नाव रंगानं, आजचा भाव खडूनं. आणि दुसरा नियम, खोटी पाटी रंगवायची नाही. एका मधवाल्याच्या पाटीवर ‘शुद्ध’ लिहायला त्यांनी साफ नकार दिला होता. तो माणूस पुढे कित्येक वर्षं त्यांना बघून रस्ता ओलांडायचा.

तिचा पारा चढला.

“काय खोटं आहे यात? शंभर दिवस रक्ताचं पाणी केलंय मी!”

“केलंस. मी कुठं नाही म्हणतोय?” बाबा उठले आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. पाटी, डबा, वर्तमानपत्र सगळं उचलून ती तणतणत घरी गेली.

रक्ताचं पाणी म्हणजे काय ते तिच्या इमारतीत कुणालाही विचारावं. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा कचेरीत ती कारकून. तळमजल्यावर तात्यांचं कॉफीचं दुकान. चार मजल्यांची माणसं दिवसभर खालून कागदी कप भरून वर न्यायची आणि दुपारपर्यंत जिन्याखालचे डबे ओसंडून वाहायचे. एकदा कचऱ्याची पिशवी फुटली आणि उरलीसुरली कॉफी थेट तिच्या बुटात. त्या दिवशी तिनं ते कप मोजले. चारशे भरले. आतून मेणचट प्लॅस्टिक, त्यामुळे रद्दीवालाही हात लावत नाही, हे तिला कचरा उचलणाऱ्या बाईनं सांगितलं. मग काय, बाईसाहेबांनी पदर खोचला. मजल्यामजल्यावर जाऊन लोकांना घरचे मग आणायला लावले, तात्यांना चिनीमातीचे कप घ्यायला लावले, जिन्यावरून न्यायला झाकणाचे स्टीलचे पेले घ्यायला लावले. भांडी घासायला माणूस लागेल म्हणून तात्या कुरकुरले, तर पहिला आठवडा ती स्वतः जेवणाच्या सुट्टीत बाह्या सरसावून घासायला उभी राहिली. लोक तिला कपताई म्हणायला लागले. तिला ते आवडायचंही, खोटं कशाला सांगा.

आणि आता बाबा म्हणतात, पाटी खोटी!

सोमवारी अकरा वाजता ती खाली गेली आणि कुणाला काही न विचारता दुकानामागचा डबा उपसायला बसली. कॉफीचा ओला चोथा, दुधाच्या पिशव्या, केळ्याची सालं. आणि चोथ्याखाली, मुद्दाम दाबून बसवल्यासारखा, आदल्या आठवड्याचा एक कागदी कप. झाकणासकट.

तो चिमटीत धरून ती काउंटरपाशी आली.

“तात्या, हे काय आहे?”

तात्यांनी दुधाचं भांडं खाली ठेवलं. “कप.”

“ते दिसतंय मला! शंभर दिवस माझ्या तोंडावर हो हो म्हणालात आणि मागं हे धंदे?”

“धंदे कसले? एक चळत उरलीय, काउंटरखाली.”

“कोणासाठी?”

“शब्द दिलाय गं मी.” तात्या फडक्यानं काउंटर पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता. मग म्हणाले, “साडेतीनला खाली ये. खांबाच्या अलीकडे उभी राहा. पलीकडे येऊ नकोस. आणि कृपा करून बोलू नकोस.”

साडेतीनला ती खांबाआड उभी राहिली. चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून तिनं कमरेवर हातसुद्धा ठेवले होते.

बाबा आले. उजवा हात खिशात. सर्वांत मागच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून बसले. तात्यांनी कागदी कप आणून ठेवला, त्यावरचं झाकण अंगठ्यानं दाबून घट्ट केलं आणि टेबल पुसायच्या निमित्तानं जरा आडवे उभे राहिले. बाबांनी दोन्ही बाजूंना बघितलं. मग खिशातला हात बाहेर काढला.

तो हात थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नव्हे. एका लयीत, थांबत नव्हता. याच हातानं फुटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचे बाबा, आणि लहानपणी ती शेजारपाजारच्या पोरांना बोलावून ते दाखवायची. त्यांनी दुसऱ्या हातानं तो मनगटाशी धरला, कप दोन्ही हातांमध्ये घेतला, मान खाली नेली आणि एक घोट घेतला. कप हलत होता. पण झाकण होतं, त्यामुळे काही सांडलं नाही. आवाजही झाला नाही.

तिचे हात कधी खाली आले तिला कळलं नाही.

बाबा गेल्यावर ती काउंटरशी आली. तात्या तिच्याकडे न बघता बोलायला लागले.

“तुझं सुरू झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी आला होता. मी चिनीमातीचा कप दिला. तो बशीवर असा वाजायला लागला की आजूबाजूच्या माना वळल्या. त्यानं कप ठेवला आणि उठून गेला. मग चार दिवस नाहीच. शेवटी मी घरी गेलो, ओढून आणलं. वीस वर्षं रोज येतोय माझ्याकडे, माझी पाटी त्यानंच रंगवलीय.”

“झाकणाचा पेला होता ना?”

“दिला की. भरला की जड होतो, आणखीच हलतो.”

“आईला माहीत आहे?”

“रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं ती लावते. डॉक्टरला दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. जाणारं दुखणं नव्हे म्हणाले.”

“आणि मलाच नाही सांगितलं कुणी? मी काय परकी आहे?”

तात्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

“त्याच दिवशी तू इथं काउंटरशी उभी होतीस, पोरी, आणि तो खांबामागे, तुला न दिसता. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या टकल्या साहेबानं कागदी कप मागितला, आणि तू भर दुकानात त्याला म्हणालीस...”

“आठवलं,” ती म्हणाली.

“कप धरायला हात नाहीत का तुमचे?” असं म्हणाली होती ती. दुकान खो खो हसलं होतं. साहेबही हसला होता. मागच्या टेबलावर एक भरलेला कप तसाच राहिलेला तिला दिसला होता, आणि वाया गेलेल्या कॉफीबद्दल तिनं तात्यांना ऐकवलंही होतं.

तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. वर जाऊन ती खुर्चीत बसली आणि सहा वाजेपर्यंत एकच कागद पुढ्यात धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना फोन केला.

“पाटी मीच लिहितेय. गुरुवारी साडेतीनला लावणार आहोत.”



“साडेतीनलाच का?” बाबांनी विचारलं.

“तुमची वेळ आहे ना ती.”

“येतो,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी दुकानात चारही मजले उतरले होते. सगळ्यांच्या हातात आपापले मग. कुणाच्या मगाचा कान तुटलेला, कुणाच्या मगावर मुलीनं काढलेलं मांजर. बाबा दाराशी उभे होते, हात खिशात. तात्यांनी स्टुलावर चढून पाटीवरचं फडकं ओढलं.

आधी रोज चारशे कागदी कप.
आता रोज एक.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विस्कटल्या.

“अहो कपताई, एक कशाला?” टकले साहेब म्हणाले. “शून्य लिहायचं की! चारशेतून एक कोण विचारतोय?”

“एक जातो रोज. जातो तर लिहायला हवं.”

“पण कोण तो बहाद्दर? आम्हाला मग घासायला लावता आणि त्याला सूट?”

लोक हसले. तात्या स्टुलावरूनच छताकडे बघायला लागले. बाबांकडे बघायचं तिनं टाळलं. नाव सांगायचं नाही, एवढं तिनं पक्कं ठरवलं होतं.

“मी,” दाराकडून आवाज आला.

बाबा पुढे आले. लोकांनी वाट दिली. पाटीसमोर येऊन त्यांनी मान तिरकी केली आणि एक डोळा बारीक केला, दुसऱ्या कुणाची पाटी बघताना करायचे तसा.

“ओळ उजवीकडे उतरलीय.”

“तुम्ही काढायला हवी होतीत,” ती म्हणाली.

“हात चालत नाही आता.” त्यांनी तो खिशातून काढला, सगळ्यांसमोर. “हे असं होतं. कागदी कप हलका पडतो आणि झाकणामुळे सांडत नाही.”

साहेबांनी आपला मग खाली केला. “काका, मला काय ठाऊक...”

“तुम्हाला कुठनं ठाऊक असणार? मीच सांगितलं नव्हतं.”

मग बाबांनी थरथरतं बोट पाटीवर टेकवलं. शेवटच्या शब्दावर. बोटाला पांढरी भुकटी लागली.

“हे ‘एक’ खडूनं लिहिलंयस. बाकी सगळं रंगानं.”

“बदलणार आहे म्हणून.”

बाबांनी बोटाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला, तिच्यापुरता.

“हे बदलत नाही गं. डॉक्टर म्हणाले.”

“हात नव्हे, बाबा,” ती म्हणाली. “कप.”

मग बाबा पहिल्या टेबलाची खुर्ची ओढून, लोकांकडे तोंड करून बसले. हात टेबलावर ठेवला. तात्यांनी कागदी कप आणून ठेवला, झाकण दाबलं, आणि या वेळी आडवे उभे राहिले नाहीत.

“नव्या कपाला दोन्ही बाजूंना कान हवेत,” बाबा म्हणाले. “हलका हवा. झाकण घट्ट बसायला हवं.”

ती पर्समध्ये पेन शोधायला लागली.

“आणि बशी नको,” ते म्हणाले. “वाजते.”