परसातला भोपळा

चंपाने गळून पडलेलं फूल तळहातावर ठेवून चिंतामणीपुढे केलं. फुलामागचा बोराएवढा भोपळा काळा पडला होता.

"भावोजी, हा सातवा. मधमाश्या येत नाहीत. महिन्यामागे एकेका फुलात दोन-दोन असायच्या. काल सकाळभर बसले, तर एक आली."

चिंतामणी दाढी करत होता. त्याने आरशातून नजर काढली नाही.

"थंडी असेल," तो म्हणाला.

थंडी नव्हती. ढेकणांसाठी आणलेली डीडीटीची पावडर तो स्वतःच पहाटे उठून फुलांवर टाकत होता. शेवटचे दोन महिने त्याची बायको यशोदा परसाकडच्या खिडकीशी पडून त्या माश्यांकडे बघायची. औषध पाजायला गेलं तरी मान वळवायची नाही. ती गेली, आणि दुसऱ्या सकाळी माश्या आपल्या वेळेवर हजर. ते त्याला सोसलं नाही.

त्याची बहीण उर्मिला ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली,

"माश्यांना कशाला बोल लावतेस? विधवेचा हात लागला की वेल धरत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं."

"अक्कानेच मला पाणी घालायला सांगितलं होतं."

"सांगितलं आणि गेली. अजून काय पाहिजे?"

चंपा यशोदेची मावसबहीण. नवरा वारल्यावर यशोदेनेच तिला माहीमच्या या घरात मागली खोली दिली होती. आता त्या खोलीवर उर्मिलेचा डोळा होता. चंपा चिंतामणीच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचा एक शब्द पुरला असता. त्याने वस्तरा धुतला, पुसला, मिटला.

"काळाचौकीला तुझा दीर असतो ना?"

"असतो. एका खोलीत आठ माणसं आहेत."

"घरचीच ना ती."

चौथ्या दिवशी ती निघाली. नेमका त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, बस बंद. उद्या जा, असं कुणी म्हटलं नाही. ट्रंक पायरीवर ठेवून ती वेलाच्या मांडवाखाली गेली. चिंतामणी खिडकीत उभा होता. तिने नराचं फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि आतला दांडा मादीच्या फुलात हलकेच फिरवला. बोटांकडे पाहून ती थांबली. पिवळ्या परागांबरोबर पांढरी भुकटी लागली होती. तिने बोटं नाकाशी नेली, मग खिडकीकडे पाहिलं.

तो मागे सरला नाही.

तिने पदराला बोटं पुसली, उरलेली तीन फुलंही तशीच केली आणि ट्रंक डोक्यावर घेऊन चालू लागली.

महिन्याभरात चार भोपळे नारळाएवढे झाले. उर्मिला कमरेवर हात ठेवून मांडवाखाली उभी राहिली.

"बघ दादा. ती गेली आणि वेल धरला. म्हटलं नव्हतं मी?"

"म्हणाली होतीस," चिंतामणी म्हणाला, आणि सुरी आणायला आत गेला.