उमलुजच्या समुद्रगायी

सुबोध आणि कीर्ती कुठेही निघाले की मीनाक्षीताईंना बरोबर घेत. ताई सौदीतल्या यान्बूच्या एका हॉस्पिटलात नर्स, सुबोधही तिथेच कामाला. लग्न केलेलं नाही, आई गेल्यापासून गावी जाणंही कमी झालेलं. ‘ताई एकट्या आहेत,’ असं कीर्ती इतक्या मायेनं म्हणायची, की नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे.

उमलुजच्या किनाऱ्याला समुद्रगायी दिसतात, असं सुबोधनं ऐकलं आणि शुक्रवारी सकाळीच गाडी उत्तरेला लागली. मागच्या सीटवर ताई, सुबोध-कीर्तीची छोटी ईशा आणि दोघींच्या मध्ये बर्फाचा डबा. डावीकडे समुद्र चमकत होता, उजवीकडे उघडेबोडके डोंगर.

“आंटी, सीलसारख्या असतात का त्या?” ईशानं हिंदीत विचारलं.

“सील थंड पाण्यातले गं. या खरंच गायी. समुद्राच्या तळाचं गवत चरतात.”

“ओके,” म्हणून तिनं हेडफोन लावला. पुढे नवराबायको घराच्या हप्त्यांवरून हळू आवाजात वाद घालत होती. ताईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या पुढे केल्या. दोघांनी मागे न बघताच घेतल्या.

उमलुजला किनाऱ्यावरच्या चौकीत इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, दाखवून सगळे बोटीत बसले. बोट कुणा सौदीची, चालवणारा हाशम मात्र दाभोळचा निघाला. मराठी ऐकून म्हातारा खुलला. “बोलू नका हां आता,” तो म्हणाला. “माणसाचा आवाज आला का ती बुडी मारते.”

पण वारा उठला. बोट हिंदकळू लागली, आणि ईशाला उलट्या सुरू झाल्या. कीर्तीनं तिला कुशीत घेतलं, सुबोध पाठ चोळू लागला. “खलास, चाचा! परत फिरवा!”

हाशमनं बोट वळवली आणि तेवढ्यात ताईंच्या बाजूला पाणी फुगलं. तपकिरी, गुळगुळीत पाठ वर आली. मग रुंद नाक. नाकपुड्या उघडल्या, फुस्स करून श्वास सुटला. तिच्या कुशीला चिकटून पिल्लू होतं. त्यानंही आईसारखाच, पण घाईघाईनं श्वास घेतला.

‘बघा!’ असं ताईंच्या ओठांवर आलं. त्यांनी वळून पाहिलं. तिघांची डोकी एकमेकांत गुंतलेली. हाक मारावी तर त्या तिघांत कुठून शिरायचं, हेच त्यांना कळेना. शब्द तसाच गिळला. पाणी पुन्हा सपाट झालं. आपल्याला आवडलेली वस्तू दाखवायला जगात कुणीच नाही, हे त्यांना तेव्हा जितकं लागलं तितकं आईच्या तेराव्यालाही लागलं नव्हतं.

धक्क्यावर उतरताना हाशमनं हळूच विचारलं, “दिसली ना तुमाला? सकाळी वारा पडतो. ऱ्हावा आजचा दिवस.”

ताईंनी गाडीतून पिशवी काढून घेतली.

“मी राहते इथे. उद्या बसनं येईन.”

“एकट्या? कशाला पण?” सुबोध म्हणाला.

“ईशाला मागे आडवं होता येईल.”

कीर्तीनं सीटकडे पाहिलं, डबा उचलून डिकीत ठेवला आणि ईशाच्या डोक्याखाली ओढणीची उशी केली. “पोचल्यावर मेसेज करा हं, ताई.” गाडी वळणाआड गेली. इतक्या पटकन मानतील, असं ताईंना वाटलं नव्हतं. मग त्यांनी समोरच्या हॉटेलात खोली घेतली.

सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा निवांत होता. हाशमनं इंजिन बंद केलं. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग एक पाठ वर आली, पलीकडे दुसरी, मग पिल्लू. पाच-सहा जणींचा कळपच होता. त्या खाली जात, गढूळ पाण्याचा ढग उठे, पुन्हा वर येत. ताई काठावर हात टेकून बघत राहिल्या. रडू आलं तेव्हा पुसलंही नाही. हाशम पाठमोरा बसला होता.

रविवारी वॉर्डाबाहेर सुबोध भेटला. “काय, दिसली का शेवटी?”

“दिसल्या. कळप होता.”

“अरे वा! फोटो?”

“काढायचं सुचलंच नाही.”

“हात्तिच्या!” तो हसला आणि लिफ्ट आली म्हणून गेला. ताईंना त्याला पिल्लाच्या त्या घाईच्या श्वासाबद्दल सांगायचं होतं. दार बंद झालं. त्यांनी हातमोजे चढवले आणि पहिल्या खाटेवरच्या बाईचं सलाइन बघायला आत गेल्या.