सांधा दिसला नाही पाहिजे

अलफियाचे अब्बा फाटका कागद पाहूच शकत नाहीत. भाकर करपली तर चूपचाप खातील, कुर्त्याले ठिगळ असलं तर तसंच घालतील, पण कोण्या पोराच्या पुस्तकाचं पान लोंबताना दिसलं की हातातला घास ठेवून उठतील. घाटंजीत बाजाराच्या रस्त्याले आमचं जिल्दसाजीचं दुकान आहे. पाटीवर नाव त्यांचं, युनूस बुक बायंडर. मी सुग्राबी, त्यांची घरवाली, अन् पाटीवर नाव नसलेली लई शिजवणारी. लई म्हणजे कागद चिकटवायची मैद्याची खळ, त्यात चिमटीभर मोरचूद, म्हणजे कागदाले कसर लागत नाही. निकाह करून आली तवापासून तेच ढवळून राह्यली.

त्यांच्यासारखा कागद सांधणारा आमच्या तालुक्यात दुसरा नाही, हे मी बायको म्हणून नाही सांगत. बायको म्हणून सांगायचं तर बाकी गोष्टीत माणूस निकामाच आहे. पण कागद सांधावा तर त्यांनीच. फाटलेल्या दोन्ही कडा ब्लेडनं तासून पातळ करतात, एकीवर एक बसवतात, लईचं बोट फिरवून हाडाच्या पट्टीनं घासतात, अन् वाळल्यावर चहाच्या पाण्याचा हात देतात म्हणजे रंगही जुळते. मग मले दाखवतात, "सांग, कुठी फाटलं होतं?" मी कागद उजेडात धरते, उलटा करते, सुलटा करते. मले कधी सापडलं नाही. ते हसतात अन् म्हणतात, "सांधा दिसला तर मजुरी कायची घ्यायची?"

त्या साली कापसाचं पार वाटोळं झालं होतं. बाजारात गिऱ्हाईक नाही, वह्या बांधाले कोणी येईना. तेवढ्यात मुजफ्फर सेठनं आपलं जुनं गोदाम विकलं. मुजफ्फर सेठ म्हणजे आमच्याच मोहल्ल्यातला, त्याच्या दादाचा, म्हणजे आजाचा, कापसाचा मोठा व्यापार होता. गोदामाच्या माळ्यावर लाल कपड्यात बांधलेले बस्ते निघाले. करारनामे, जामीनकीचे कागद, वावराची लिहून दिलेली पानं, सारं मोडीत, बोरूनं लिहिलेलं. सेठनं ते न उघडताच कॉलेजले देऊन टाकले. आमची अलफिया तिथल्या लायब्ररीत कामाले, अन् मोडीचा वर्गही तिनं केलता. प्राचार्यांनी तिले सांगतलं, एकेक कागद वाचायचा, त्याची नोंद करायची, कोणाचा, कायचा, कागदाची स्थिती कशी. अन् दुरुस्तीचं काम आलं तिच्या अब्बाकडे. मी तर खूश झाली, घरात बाप कमावते अन् पोट्टीही कमावते.

आता इथं एक गोष्ट नीट ऐका, सारा घोळ इथंच आहे. अलफिया म्हणे, "अब्बा, आधी मी नोंद करते, मग तुम्ही सांधा." तर हे अडून बसले. "फाटका कागद माझ्या हातून बाहेर जात नाही. आधी मी नीट करून देतो, मग तू लिही." बाप-लेकीचं आठ दिवस चाललं. शेवटी पोट्टी थकली. सांधून वाळलेला कागद ती न्यायची अन् स्थितीच्या खान्यात लिहायची, अखंड, उत्तम.

बरेच कागद एकाच तऱ्हेनं फाटले होते. वरच्या काठापासून सरळ खाली, अंगठ्याच्या ठशापर्यंत. हे म्हणत, "सेठच्या गोदामातले उंदरंही मोठे कायद्याचे दिसतात, सारे वरूनच कुरतडतात." मीही हसली. आम्ही किताबवाले लोक. किताब फाटते ती पोरांच्या नादानीनं, नाहीतर जुनी झाली म्हणून. कोणी जाणून फाडत असन, अन् फाडून सांभाळून ठेवत असन, हे आमच्या खानदानात कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

एके दुपारी तांड्यावरचा धावजी राठोड दुकानात आला, संगं त्याची माय भुरीबाई. म्हातारी पंचाहत्तरीची, पण ताठ. धावजीच्या हातात पेढ्याचा पुडा होता. मी म्हटलं, "धावजीभाऊ, पोरीचं जमलं का?"

"नाई भाभी. वावराचं जमलं."

मग त्यानं बसून सारं सांगतलं. सरकारी मदत आली ती सातबाऱ्यावरच्या नावाले. धावजी गेला तर तलाठी म्हणे, वावर तुझ्या नावानं नाहीच, सेठच्या दादाच्या नावानं आहे. धावजीचा आजा बैलबंडीवाला होता, त्या मोठ्या सेठचा कापूस बंड्यांत भरून जिनिंगले न्यायचा. माल दुसऱ्याचा, वाट जंगलाची, म्हणून जामीन म्हणून वावर लिहून दिलं. पुढं ट्रक आले, बंड्या बंद झाल्या, करार मिटला. तवा मोठ्या सेठनं पंचांसमोर तो कागद फाडला.

"मी नवी नवरी होती," भुरीबाई म्हणाली. "पंचाइले पाणी मीच दिलं. सेठनं कागद वरून फाडत आणला अन् माह्या सासऱ्याच्या अंगठ्यापाशी थांबला. फाडलं की मिटलं, असा कायदा होता आमचा. कागद तांड्यावर नाई ठेवत, कुडाची घरं, आग लागे. सेठच्याच बस्त्यात ठेवला, उद्या कोणी विचारलं तर दाखवाले."

तलाठ्याकडे नाव बदलाले कोणी गेलंच नाही. जबान होती अन् फाटका कागद होता, अजून काय पाहिजे. तवापासून वावर हेच लोक वाहून राह्यले.

धावजी म्हणाला, "मुजफ्फर सेठ भला माणूस आहे. त्यानं चारचौघात सांगतलं, बस्त्यात कागद फाटका निघाला तर वावर तुझं, मी सही करतो. साबूत निघाला तर माझं. म्हणून आलो युनूसभाई. तुमच्याकडेच आहे न तो?"

मी यांच्याकडे पाह्यलं. हाडाची पट्टी हातात तशीच होती, अन् तोंड राखेसारखं झालं होतं. मले वाटलं शुगर उतरली.

"आजाचं नाव रूपसिंग का?" यांनी विचारलं.

"हो."

"सांधला मी तो," हे म्हणाले. "मागच्या हप्त्यात."

धावजीले आधी समजलंच नाही. तो म्हणाला, "बरं झालं, नीट ठेवला." भुरीबाईले समजलं. तिनं पेढ्याचा पुडा पोराच्या हातातून घेतला अन् मांडीवर ठेवला. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती म्हणाली, "तर आता पुन्हा फाडा."

"पुन्हा फाडला तर ताजी कड दिसन, याडी. जुनी कड मी तासून टाकली." तांड्यावर मायले याडी म्हणतात, अन् यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्याच दिवशी हे मुजफ्फर सेठकडे गेले, मीही मागून गेली, कारण मले यांचा भरवसा नोता, तिथं जाऊन नुसते मान खाली घालून उभे राहतील. मुजफ्फरनं सारं ऐकून घेतलं. चहा दिला. म्हणाला, "युनूसभाई, तुमची जबान माझ्यासाठी पक्की आहे. पण वावरात मी एकटा नाही. चुलते आहेत, नागपूरले. रोडवरचं वावर आहे, पेट्रोल पंपवाला मागून राह्यला. त्यांनाही म्या धावजीले घातलेली अट सांगतली, ते बरं म्हणाले. आता मी त्यांना काय दाखवू? साबूत कागद दाखवून सांगू का फाटला होता म्हणून?"

"खरं तेच सांगा," मी म्हटलं.

"भाभी, मी पाह्यला असता तर सांगतलं असतं. मी तर बस्ते उघडलेच नाही."

ईदले आमच्या घरी शीरखुर्मा खाऊन जाणारा माणूस. मले त्याले बोलायचं होतं, चांगलं झाडायचं होतं. पण तो खोटं बोलत नोता, अन् मले त्याचाच जास्त राग आला. तोंडावर खोटं बोलला असता तर मन मोकळं करून शिव्या तरी दिल्या असत्या.

तहसीलमध्ये तारीख लागली. धावजीनं नाव दुरुस्तीचा अर्ज केलता, चुलत्यांचा वकील आला होता. कॉलेजनं अलफियाले कागद घेऊन पाठवलं. साहेब तरुण होता, मन लावून ऐकत होता, हे मी कबूल करते. भुरीबाईनं पाहिलेलं सांगतलं. वकील म्हणाला, वावर यांचं, म्हणून हे असं सांगणारच. मग यांना पुढं बोलावलं.

"मी सांधला, साहेब. वरून अंगठ्यापर्यंत फाटला होता."

साहेबानं कागद घेतला, खिडकीपाशी गेला, उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. अगदी माझ्यासारखा. मी मनात म्हटलं, या अल्लाह, आज तरी दिसू दे. एवढा एक सांधा कच्चा निघू दे.

"कुठी फाटला होता?" साहेबानं विचारलं.

यांनी बोट फिरवून दाखवलं. साहेबानं चष्मा पुसून पुन्हा पाह्यलं. "मले तर काही दिसत नाही."

"दिसत नाही, साहेब," हे म्हणाले. "थोडं पाणी मागवा. ओला केला की लई सुटन, मी उघडून दाखवतो."

वकील उठलाच. "पाण्यानं शाई वाहून जाईन. म्हणजे हा माणूस आपल्या समोर पुरावा नष्ट करतो म्हणून राह्यला."

"शाई फुटन," हे हळूच म्हणाले. "ते खरं आहे." खोटं बोलता येत नाही या माणसाले, वकिलासमोरही नाही. त्यांनी पिशवीतून शेवटच्या बस्त्यातले दुसरे कागद काढले, न सांधलेले, सारे तसेच अंगठ्यापर्यंत फाटलेले. साहेबानं तेही पाह्यले. वकील म्हणाला, ते दुसऱ्यांचे कागद, याच्याशी काय संबंध. अन् मग त्यानं कॉलेजची नोंद मागितली.

अलफियालेच वाचाले लावली. पोट्टीनं वाचलं, "रूपसिंग, जामीनकीचा कागद. स्थिती, अखंड, उत्तम."

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"साक्षीदाराची मुलगी," वकील म्हणाला अन् खाली बसला.

साहेबानं नोंद मिटून बाजूले ठेवली. मग म्हणाला, माझ्यासमोर आहे तो कागद साबूत आहे, अन् कॉलेजची नोंदही तेच म्हणते. मले अर्ज फेटाळावा लागते. कागद तपासून घ्यायचा असन तर दिवाणीत जा. दिवाणी म्हणजे किती वर्षं, हे तिथं साऱ्यांनाच माहीत होतं. धावजी उभा होता तसाच उभा राह्यला. मुजफ्फर सेठ भिंतीकडे पाहत होता.

भुरीबाई पुढं गेली. म्हणाली, "साहेब, मले एकदा हातात द्या."

साहेबानं दिला. म्हातारीले मोडी येत नाही, मराठीही वाचता येत नाही, डोळ्यालेही धड दिसत नाही. तिनं कागद टेबलावर ठेवला अन् वरच्या काठावर बोट टेकवलं, अन् हळूहळू खाली आणलं. मी यांच्या तोंडाकडे पाहत होती, कारण सांधा कुठी आहे हे फक्त यांनाच माहीत होतं. बोट खाली आलं तसे यांचे डोळे भरत गेले. बोट अंगठ्याच्या ठशावर थांबलं.

"इथवर," ती म्हणाली.

मग तिनं यांच्याकडे पाह्यलं. राग नोता तिच्या तोंडावर. असता तर बरं झालं असतं.

"तुमचा हात लय चांगला आहे, भाऊ," ती म्हणाली. "माह्या सासऱ्याचा अंगठा पुरा जोडला तुम्ही."

औंदा त्या वावरात कापसाची पऱ्हाटी नाही, पंपाचे खांब उभे आहेत. शेवटचा बस्ता आमच्या दुकानातच आहे. मी सकाळी सवयीनं लई शिजवते, अन् संध्याकाळी वाळलेली खरडून फेकते. अलफिया फाटका कागद समोर ठेवून लिहिते अन् हे बाजूले बसून बोटानं दाखवतात, कुठून फाटला, कुठवर फाटला. परवा एक पोरगी पुस्तक सांधाले घेऊन आली. यांनी ते हातात घेतलं, उघडलं, अन् तिले विचारलं, "बेटा, हे तूच फाडलं का?"