पद्माकाकीचा कौल

सकाळी दहाच्या ठोक्याला इब्रामपूरच्या पंचायतीसमोर डोळ्यांच्या इस्पितळाची गाडी येऊन उभी राहिली, आणि इकडे पद्माकाकीने घराच्या पायरीवर बैठक मारली.

"देवी व्हय म्हणात तर जातंय," तिने जाहीर केलं. "नायतर हंयसून हलाचंय नाय."

आता सांगा! गाडी अकराला सुटणार. सोळा म्हातारेकोतारे नावं देऊन आत बसलेसुद्धा. काकीचा मुलगा मंगेश ड्रायव्हरला गोड बोलून थोपवायला गाडीपाशी उभा. आणि जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, ती म्हणते देवीला विचारा.

काकीची सत्तरी उलटली होती, जीभ मात्र विशीतलीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा पार पिकलेला. मागच्या शिबिरात डॉक्टरांनी बजावलं होतं, की ह्या खेपेला चुकवलं तर आत दाब वाढून डोळा कायमचा जाईल, मग कोणाच्या हातात काही राहणार नाही. हे काकीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण मान्य करील तर ती पद्माकाकी कसली! तिच्या मते डोळे ठणठणीत. स्वयंपाकघरात धूर फार, डोंगराकडून धुकं फार, आणि हल्लीचे बल्ब मेले उजेडच देत नाहीत, एवढंच. खरी गोष्ट अशी, की डोळ्याला सुरी लागणार ह्याचीच तिला भीती होती. आणि भ्याले म्हणायची सोय नव्हती. गावात उभा जन्म कोणाला न भ्यालेली बाई ती.

"मग उठा की ओ आई! देवळात जाऊया. येळ कुठाय?" सून वर्षा आतून गरजली. ही वर्षा कोल्हापूरकडची. तिचा बाप कारखान्याच्या बांधकामावर म्हणून इकडे धारगळला आला आणि तिथलाच होऊन गेला. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पोरीचा आवाज असा खणखणीत, की परसात बोलली तर देवळातली कबुतरं उडावीत.

देऊळ हाकेच्या अंतरावर. गुरव गोकुळदास आंघोळ करून, खांद्यावर पांढरं उपरणं टाकून तयारच होता. सातेरीच्या मूर्तीवर त्याने दोन ओल्या पांढऱ्या पाकळ्या चिकटवल्या, एक देवीच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इकडे लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची, देवीच्या पाकळीशिवाय पान हलत नाही. आणि एक रीत अशी, की पाकळी पडली तरी गुरव सांगेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही.

गोकुळदासाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे सातेरी! ही तुझी पद्मावती डोळ्याचा आपरेशन करूचा काय नको, म्हणान तुका इचारता. करूचा तर उजवी दी, नको तर डावी दी!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्या चारसहा जणांनी साथ दिली. काकीने सगळ्यांहून मोठ्याने दिली.

आणि मग सगळे पाकळ्यांकडे डोळे लावून बसले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंचायतीकडून गाडीचा हॉर्न वाजला. वर्षा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. दी गे बाये डावी, काकी मनात म्हणत होती, एक डाव दी, तुका खणनारळान ओटी भरीन!

तेवढ्यात डावीकडे काहीतरी पांढरं हललं.

"डावी!" काकीने टाळीच वाजवली. "डावी दिली गे आवशीन! चला घराक!" आनंदाने तिला नाचावंसं वाटलं. सुटले बाई!

देवळात कोणी हललं नाही. रीत मोडून काकी बोलली, म्हणून लोक गप्प राहिले असावेत असं तिला वाटलं. तेवढ्यात वर्षानेही रीत मोडून तोंड उघडलं.

"अहो आई, डावी कुठली! ती तर अजून चिकटून हाय. उजवी पडली की! ती काय, देवीच्या पायापाशी!"

"गप गो! तुमी सगळी मिळान माका फसयतास!" काकी भडकली. "गोकुळदासा, तू सांग."

गोकुळदास म्हणाला, "काकी, तीस वर्सां मी पाकळ्यो लायतंय. देवीच्या फुडे उभो रवान खोटा बोलान? उजवीच पडली. डावीकडे हलला ता माझा उपरणा."

काकी तरातरा गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली. वाकली. डोळे बारीक केले, मोठे केले, पदराने पुसले. समोर समईचा पिवळा डाग आणि त्यामागे नुसता काळोख. पाकळी नाही, खांदा नाही, देवीसुद्धा नाही.

"माका दिसना नाय," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती बोलते हे गावाने पहिल्यांदाच ऐकलं. "गोकुळदासा, बाय माका कधीपासून दिसना नाय रे. दोन वर्सां मी नुसत्या उजेडाक नमस्कार करतंय."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"अगे बायो!" काकी ताडकन वळली. "गाडी गेली! वर्षा, धर माका, धाव!"

काय ती धाव सांगू! अनवाणी काकी, तिचा दंड धरून वर्षा, मागून गोकुळदास उपरणं हलवत. गाडी वळणावर पोचली होती. मंगेश हात आडवे करून तिच्यापुढे उभा. वर्षाने अशी आरोळी ठोकली, की ड्रायव्हरने ब्रेकच दाबला. आतल्या सोळाजणांनी काकीला ओढून वर घेतलं. सुरीची भीती गेली नव्हती. पण आता काकी उतरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी काढली. आधी सगळं पाण्यात असल्यासारखं डुचमळलं, मग थांबलं. आणि अगे बाय, काय ते रंग! नर्सच्या कानातले निळे खडे, डॉक्टरांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, खिडकीबाहेर माडाची एकेक पाती सुटी सुटी. काकी जत्रेत सोडलेल्या पोरीसारखी इकडून तिकडे बघत सुटली. डॉक्टर "किती बोटं?" विचारत होते, त्यांच्याकडे लक्ष कोणाचं?

खाटेच्या पायाशी एक मुलगी पिशवी कवटाळून उभी होती. काटकुळी, गळ्याची हाडं वर आलेली, जागून डोळे लालभडक. असेल कोणा पेशंटाची नात.

"गो चेडवा," काकीने तिला विचारलं, "माझी सून खंय गेली? चाय आणूक गेली काय?"

"आई, मीच की ओ. मी वर्षा."

वय बावीस, हे तिला ठाऊक होतं, आकडा म्हणून. पण धुक्यातून येणाऱ्या त्या आवाजाला तिने मनात एक आडदांड, पोक्त बाई जोडून दिली होती, आणि त्या बाईशी दोन वर्षं ती भांडत आली होती. अशी बाई घरात नव्हतीच. ही एवढीशी पोर होती.

"हंय ये," काकी म्हणाली. वर्षा जवळ आली. काकीने तिची हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि बघत राहिली, आणि बघता बघता तिला रडू कोसळलं.

"आई, रडायचं न्हाई! डोळ्याला पाणी लावू नका म्हणलेत डॉक्टर!" वर्षा ओरडली. सगळा वॉर्ड दचकला.

"आरड गो, आरड," काकी हुंदक्यातून म्हणाली. "पण तोंड फिरव नको."