दुधाची गाठ

निम्मं मस्तगड कमरबीच्या हातावर जन्मलंय, असं जालन्याच्या त्या मोहल्ल्यातले लोक सांगायचे. लोक जरा वाढवूनच सांगतात. निम्मं नसेल, पाव असेल. पण तिची बोटं शहाणी आहेत यावर जालन्यात कुणाचं दुमत नव्हतं. पोट चाचपून मूल आडवं आहे की उभं, हे ती गप्पा मारता मारता सांगायची. म्हणून निजामाच्या सरकारला जेव्हा बायका तपासायला एक बाई हवी झाली, तेव्हा ज्याला विचारलं त्यानं कमरबीच्याच घराकडे बोट दाखवलं.

प्लेगचा हिवाळा होता तो. मुसलमान मोहल्ल्यात त्याला ताऊन म्हणत, खेड्यापाड्यांत गाठीचा ताप. नाव काहीही घ्या, आधी घरात उंदीर पडायचे आणि मागून माणसं. परतूरकडची गावं एकामागून एक धरली जात होती आणि त्याच बाजूनं कापसाच्या गाड्या जालन्याच्या सरकी काढायच्या जिनांकडे येत होत्या. गाडीत कापूस आणि कापसावर जिनात मजुरीला निघालेल्या बाया. पोट काही प्लेगसाठी थांबत नाही.

सरकारनं शहराबाहेर रस्त्यावर आडवा बांबू टाकून नाका केला. पुरुषांच्या काखा-जांघा शिपाई सिराजोद्दीन उघड्यावरच तपासायचा. बायकांसाठी लिंबाखाली गोणपाटाचा पडदा होता आणि पडद्याआड कमरबी. तिनं बोटं फिरवायची आणि आतून ओरडायचं, "साफ!" नाहीतर "गाठ!" साफ म्हटलं की बांबू वर जायचा. गाठ म्हटलं की बाई नदीपलीकडच्या छावणीत. छावणीत डॉक्टर होता, औषध होतं, दूधभातही मिळायचा. परत येणारी माणसं तेवढी कमी होती.

संध्याकाळी निजामोद्दीन डॉक्टर टांग्यातून नाक्यावर यायचे. हैदराबादचा हळू बोलणारा, सभ्य माणूस. कोणत्या गावच्या किती गाठी निघाल्या, किती छावणीत गेल्या, हे विचारून घ्यायचे आणि कचेरीतल्या नकाशावर त्या त्या गावाला लाल टाचण्या टोचायचे. जिकडे टाचण्या वाढतील तिकडे लशीची गाडी जायची आणि ते गाव उठवून माळावर झोपड्यांत न्यायचे. लस थोडी आणि गावं फार. "कमरबी, माझे डोळे म्हणजे तुझी बोटं," असं त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तिनं मान हलवली होती. इतकं मोठं ओझं अंगावर टाकलं की माणूस मानच हलवतो.

पहिल्याच आठवड्यात वाटूरची एक तरणी बाई पडद्याआड आली. काखेत गाठ, अंग तव्यासारखं तापलेलं, कडेवर सहा-सात महिन्यांचं पोर.

"दुधाची गाठ हाय, मावशी," ती म्हणाली. "लेकरू कालधरनं पिऊन न्हाई राह्यलं. दूध तटलंय."

दुधाची गाठ कमरबीला काय नवी होती? अशा किती बायांना तिनं शेकून, चोळून मोकळं केलं होतं. दूध तटलं की काखेत गाठ येते, तापही भरतो, आणि पोर प्यायला लागलं की सगळं उतरतं. बोटांखाली ती गाठ तिला दुधाचीच वाटली. पण हुकूम होता: गाठ ती गाठ. नवी नोकरी, नवा धाक. कमरबी ओरडली, "गाठ!" बाईनं पोर सोबतच्या जावेच्या हातात दिलं, जाताना त्याचं टोपडं सरळ केलं, तेव्हा त्याच्या डोक्यावरचे दोन भोवरे कमरबीला दिसले. दाईची नजर ती, असलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. बाईचं नाव तेवढं विचारायचं राहून गेलं.

छावणीतली झाडूवाली पंधरा दिवसांनी सांगत आली. त्या बाईची गाठ आठवडाभरात विरघळली, तापही उतरला. मग शेजारच्या खाटेवरचा ताऊन तिला लागला. छातीवरचं लुगडं दुधानं भिजत होतं आणि ती लेकरासाठी हाका मारतच मेली. कमरबीनं ऐकलं आणि तशीच उठून चूल पेटवायला बसली. चूल काही केल्या पेटेना.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. कमरबीचं तोंड तर खरोखरच दुधानं पोळलं होतं. त्यानंतर कडेवर पोर आणि काखेत गाठ अशी बाई आली, आणि "दुधाची हाय, मावशी" म्हणाली, की कमरबीच्या तोंडून आपोआप निघायचं, "साफ!" कुणाची छाती पिळून बघावी, दूध येतं का पाहावं, हे तिला सुचत नव्हतं असं नाही. तिला ते बघायचंच नव्हतं. आणि जे आपल्याला बघायचं नसतं ते बोटांनासुद्धा लागत नाही.

वाटूर म्हणजे चार रस्त्यांचं गाव. तिथं गोष्ट पोचायला वेळ लागत नाही आणि पोचली की झाकून राहत नाही. नाक्यावर वाटूरच्या लेकुरवाळ्या बाया जास्त यायला लागल्या.

मग ते पोर दिसायला लागलं.

पहिल्यांदा दिसलं ते गोजरबाई नावाच्या एका थोराड बाईच्या कडेवर. ते तिच्या अंगावर नुसतं रडत होतं. कमरबी जवळ आली तसं गप्प झालं, तिच्याकडे टक लावून बघत राहिलं. कमरबीला कसंसंच झालं. काखेत गाठ होती. तिनं "साफ" म्हटलं आणि हात धुऊन टाकले. पुढच्या बाजाराला दुसरी बाई, नाकात मोठी नथ, कडेवर पोर. ते तिच्या हातांत अवघडून बसलं होतं, आणि कमरबीला बघून खुदकन हसलं. अनोळखी बाईकडे बघून हसावं असं त्याचं वय नव्हतं. त्या वयाची पोरं माणूस ओळखायला लागतात आणि परक्याला बघून भोकाड पसरतात. मग हे हसतंय कुणाला?

तिसऱ्या खेपेला तिनं त्याचं टोपडं मागं सारलं. दोन भोवरे. बाई वेगळी, लुगडं वेगळं, आणि पोर तेच.

दोन भोवरेवाल्याला दोन बायका मिळतात, अशी एक चेष्टा आपल्याकडे करतात. याला तर दर बाजाराला नवी आई मिळत होती. कमरबीला मात्र चेष्टा सुचण्यातली नव्हती. तिनं मनाशी धरलं की हे पोर जिवंत नाही. ती दुधानं भिजलेली बाई छावणीतून उठते, दर बाजाराला नव्या बाईचा चेहरा घेते, आणि लेकरू दाखवायला माझ्यापुढं उभी राहते: बघ, दुधाचीच होती ना? कमरबी पाच वेळा नमाज पढणारी बाई. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये हे तिला कळत होतं. पण बोटांना दुधाचा आंबूस वास यायचा. राखेनं हात घासले, शिकेकाईनं घासले, तरी जेवताना घास तोंडाशी आला की वास यायचा. ती भीत होती, आणि भीत होती म्हणूनच दर वेळी "साफ" ओरडत होती.

इकडे निजामोद्दीन डॉक्टर नकाशापुढं उभे राहून डोकं खाजवत होते. आष्टी लाल झाली होती. परतूरच्या आजूबाजूची खेडी लाल झाली होती. मधोमध, चारी रस्ते जिथं मिळतात ते वाटूर मात्र कोरं.

"वाटूरवर अल्लाची एवढी मेहेरबानी कशी?" एका संध्याकाळी त्यांनी कमरबीला विचारलं. "गाड्या सगळ्या तिथूनच येतात. तुझ्या बोटांत काही येत नाही?"

"नै साब," कमरबी म्हणाली. "दूध की गठानां रहते."

तिचा शब्द डॉक्टरांनी कधी खोटा धरला नव्हता. लशीची गाडी पुन्हा आष्टीला गेली. आणि त्याच आठवड्यात मस्तगडात उंदीर पडले. जिनात जाणाऱ्या वाटूरच्या बाया उतरायच्या त्या गल्लीत पहिल्यांदा पडले. तिथून चार घरांवर कमरबीचं घर होतं.

बाजाराच्या दिवशी साळूबाई आली. अंगानं वाळलेली, डोळे खोल गेलेले. कडेवर तेच पोर. या वेळी ते कुणाकडे बघून हसलं नाही, मान टाकून तिच्या खांद्यावर पडून होतं.

"दुधाची गाठ हाय, मावशी," साळूबाई म्हणाली. पाठ करून आलेल्या पोरीसारखं म्हणाली.

कमरबीनं तिच्या काखेत हात घातला. टणक, दुखरी गाठ. साळूबाईनं ओठ चावला. कमरबी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ही बाई तिनं आधी पाहिली होती, याच पडद्याआड.

"दूध काढून दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"दुधाची हाय म्हनती ना? मंग दाखव."

साळूबाईनं पदर बाजूला केला. छाती सुकलेली होती. कमरबीनं दाबलं, एक थेंब आला नाही. साळूबाई मटकन खाली बसली.

"माझं न्हाई ते लेकरू," ती म्हणाली. "माझ्या जावेचं हाय. तूच धाडली तिला तिकडं. म्याच घेतलं व्हतं त्याला, हितंच. शेरडाच्या दुधावर वाढवून राह्यले."

"मंग ह्या समद्या बाया?"

"त्या काय करतील, मावशी? छावणीत कोन जाईल मरायला? कडेवर लेकरू असलं की तू सोडती, हे गावात झालं. रिकामी गाडी माघारी आली की लेकरू माघारी यायचं. मंग दुसरी न्यायची. मी न्हाई म्हनलं न्हाई. कुनाला म्हनू? समद्या आपल्याच."

"वाटुरात उंदीर कधीपासून पडून राह्यले?"

"दिवाळीधरनं." साळूबाईनं पदरानं नाक पुसलं. "घरटी मानूस गेलंय. आम्ही कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं की गाव उठवत्यात."

इतके दिवस कमरबी भुताला भीत होती. भूत असतं तर बरं झालं असतं, भूत निदान मस्तगडात उंदीर पाडत नाही. आणि वाटूरला न गेलेल्या लशीच्या गाड्या! ते कोरं गाव तिनंच कोरं ठेवलं होतं, दयेनं म्हणा, भीतीनं म्हणा. तिला राग आला, साळूबाईचा नाही, स्वतःचा, आणि रडूही आलं.

"जा माघारी," ती कशीबशी म्हणाली, "न्हाईतर..." पण पुढचं राहूनच गेलं, कारण पोर कण्हलं. तिनं त्याला उचललं. निखाऱ्यासारखं लागलं ते हाताला. तिची बोटं, सवयीची बोटं, कुणी न सांगता त्याच्या काखेत गेली, मग जांघेत. जांघेत बोराएवढी गाठ होती.

साळूबाई वर बघत होती. बोटं कुठं थांबली ते तिला दिसलं होतं.

"ती बी दुधाचीच आसंल," ती म्हणाली. "न्हाई का, मावशी?"

कमरबी पोर छातीशी धरून पडद्याबाहेर आली आणि भर उन्हात, गाडीवान, शिपाई, बाया सगळे बघत असताना ओरडली, "गाठ! वाटूर! वाटूरच्या समद्या!"

गाड्यांवर एकच गलका झाला. कुणी तिला शिव्या दिल्या, कुणी बैल वळवायला लागलं. सिराजोद्दीननं बांबू खाली टाकला. त्यानं निरोप धाडला तसे डॉक्टर टांग्यातून आले. कमरबीनं त्यांच्यापुढं काही मागं ठेवलं नाही: किती बाया सोडल्या, कुठल्या गल्लीत उतरल्या, पोर कसं फिरत होतं, आणि का.

"साब, मेरे को मालूम होना नक्को था," शेवटी ती म्हणाली, "इसलिए मालूम नै हुआ."

निजामोद्दीन रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, टांगेवाल्याला लस आजच वाटूरला न्यायला सांगितली, मस्तगडची ती गल्ली रिकामी करायला माणसं धाडली. मग पोराकडे बघून म्हणाले, याला उशीर नको. शिपाई पुढं होईना. पोराला हात कुणी लावेना. साळूबाईला दोन पावलं टाकणं जड जात होतं. कमरबीच त्याला घेऊन नदीकडे निघाली आणि साळूबाई तिचा खांदा धरून मागून आली.

छावणीच्या दारात कारकून रामराव बसला होता. हातभर अंतरावरूनच त्यानं हात वर केला.

"एवढं लहान लेकरू आईबिगर आत घेता येत न्हाई, कमरबी. कायदाच हाय तसा. ह्या बाईचं हाय का?"

साळूबाईनं मानेनंच नाही म्हटलं.

"मंग ह्याची आई कुठाय?"

"आत हाय," कमरबी म्हणाली. "म्याच धाडलीय."

"नाव?"

कमरबीनं मागं वळून साळूबाईकडे बघितलं.

"तुळजाबाई," साळूबाई म्हणाली.

रामरावला वहीत खोडलेलं ते नाव आठवलं. तो काही बोलणार होता, पण कमरबीचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं, आणि उठून दार उघडलं.