एका पेशंटचे किती स्कॅन

आमच्या हॉस्पिटलच्या स्कॅन विभागाला पुढच्या पाच वर्षांत कॉम्प्युटरवर किती जागा लागेल, याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं. दोन उन्हाळे एक्स-रेच्या फिल्म टँकरच्या पाण्यात धुऊन झाल्यावर साहेबांना एकदाचं डिजिटल सुचलं. काम सोपं होतं. पेशंट किती, एकाचे स्कॅन किती, एका स्कॅनला जागा किती. गुणाकार करायचा आणि सही घ्यायची.

मला तेव्हा गुणाकार बरा वाटायचा. माझ्या नवऱ्याला, शंतनूला, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. उपचार पुण्याला चालू होते, दर तीन महिन्यांनी स्कॅन. तो किती दिवस सोबत असेल, हे कुणी सांगत नव्हतं. तिथले डॉक्टर 'बघू या' म्हणायचे, सासूबाई 'देव आहे' म्हणायच्या. मी विचारणं सोडलं होतं. ऑफिसात तर बोललेच नव्हते; हळहळणाऱ्या तोंडांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

आकडे तपासायला मी स्कॅन विभागाच्या डॉक्टर सोमनाथ काळ्यांकडे गेले. माणूस मूळचा कन्नड तालुक्यातला, बोलणं अजून तिकडचंच.

"यंदाचे पेशंट धरू नका, मॅडम," ते म्हणाले. "दुष्काळात लोक दुखणं अंगावर काढतेत. पाऊस पडू द्या, मग रांगा बघा. अन् चिकलठाण्याकडं वस्ती केवढी वाढलीय."

मी आकडा वाढवला. मग हिशोबात कॅन्सरचे पेशंट आले, एकेक अवयव घेऊन. स्तनाचा असेल तर बाया वर्षानुवर्षं येतात, वीस स्कॅन धरा. मी लिहीत गेले.

"स्वादुपिंड?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला.

"तीन महिन्याला एक. चार धरा. लई झाले तर पाच."

वर न बघता त्यांनी चहाचा घोट घेतला. त्यांचा काय दोष, मी जागेबद्दल विचारत होते. शंतनूचे चार झाले होते. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. आतलं सगळं बधिर झालं होतं आणि वर पंखा फिरत होता.

"सर, सहा धरू का? जागा कमी पडायला नको."

"धरा की," ते म्हणाले. "पण रिकामी राहील ती, मॅडम."

मी सहाच लिहिलं.